कंपोस्टेबल पाऊचमधला काजू पावसाळ्यात खवट का होतो? फिल्म बदलण्याआधी हे तपासा

जून अर्धा सरला की सिंधुदुर्गातून आणि चंदगड-आजऱ्याकडून एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. एप्रिल-मेमध्ये कंपोस्टेबल, म्हणजे खतात कुजून जाणाऱ्या, पाऊचमध्ये भरलेला काजू गिऱ्हाईक परत करतंय. वास येतोय, चव खवट लागतेय, कुठे काजू मऊ पडलाय. ऑक्सिजन हटवायला आत नायट्रोजन मारलेला असतो. पुरवठादाराच्या कागदावर फिल्म 'हाय बॅरियर', म्हणजे वायू आणि वाफ चांगली अडवणारी, असते. मग पुरवठादार बदलतो, नवा रोल येतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. चिवडा, चिक्की, खोबऱ्याच्या वड्या भरणाऱ्यांचंही रडगाणं हेच.

हा प्रश्न सुटू शकतो. पण त्याआधी दोन गोष्टींचं उत्तर हवं: आत काय शिरलं आणि ते कुठून शिरलं? ही उत्तरं नसताना फिल्म बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

खवट झालाय की सादळलाय?

दोन्ही तक्रारी 'माल खराब झाला' या एकाच नावाने येतात, पण दुखणी वेगळी आहेत. काजूत ४५ टक्क्यांच्या आसपास चरबी असते. तिच्यावर ऑक्सिजनची क्रिया झाली की जुन्या तेलासारखा, रंगाच्या डब्यासारखा वास येतो. दाणा मधोमध मोडा आणि लगेच मोडलेल्या बाजूचा वास घ्या, तिथे तो स्पष्ट कळतो. हा ऑक्सिजनचा प्रताप. दाणा कटकन मोडण्याआधी किंचित वाकत असेल, दाताखाली चामट लागत असेल, तर आत वाफ शिरली आहे. खोबऱ्याच्या पदार्थांत तिसरा प्रकार दिसतो: साबणासारखी चव. ओलाव्यामुळे चरबी फुटून सुटी आम्लं तयार होतात, त्याची ही चव. तिथे नायट्रोजन कितीही मारा, काही उपयोग नाही. आधी पदार्थातला आणि पाऊचमधला ओलावा आवरावा लागेल.

एकाच पाऊचमध्ये खवटपणा आणि सादळणं दोन्ही असू शकतं. पावसाळ्यात बहुतेकदा असतंच, आणि त्याचं कारण फिल्मच्या रचनेत आहे. ते पुढे सांगतो.

फुगलेल्या पाकिटावर विश्वास ठेवू नका

"दादा, पाकीट तर अजून टम्म फुगलेलं आहे, मग नायट्रोजन गेला कसा?" हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून इथे जरा थांबतो.

आत जवळजवळ शुद्ध नायट्रोजन, बाहेर हवा. हवेत २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन. ऑक्सिजनला आत यायचंय आणि नायट्रोजनला बाहेर जायचंय, दोघांना ढकलणारा जोर साधारण सारखाच. पण पीएलए या कंपोस्टेबल प्लास्टिकसारख्या फिल्ममधून ऑक्सिजन नायट्रोजनच्या कितीतरी पट वेगाने पार होतो. त्यामुळे ऑक्सिजन शिरत राहतो, नायट्रोजन मागे रेंगाळतो आणि पाकीट फुगलेलंच राहतं. कधी तर भरलं तेव्हापेक्षा किंचित जास्तच फुगलेलं दिसतं. पाकीट टम्म आहे याचा अर्थ एवढाच की सील बहुधा शाबूत आहे. आतला वायू कोणता, हे त्यावरून कळत नाही.

उलट पाकीट ढिलं पडलं असेल, हाताने दाबल्यावर हवा सुटते आहे असं वाटलं, तर सीलकडे बघा. (कार्बन डायऑक्साइड भरत असाल तर हा नियम लागू नाही. तो फिल्ममधून ऑक्सिजनपेक्षाही भराभर निघून जातो आणि काजू तो थोडा शोषूनही घेतो. निर्यातीच्या ११.३४ किलोच्या पत्र्याच्या डब्यात हाच वायू भरायची पद्धत होती, पण तिथे भिंत पत्र्याची असते.)

आणखी एक खूण. दहा पाऊच फोडा. दोन-तीनच खराब आणि बाकीचे चांगले असतील तर गळती सीलमध्ये किंवा एखाद्या बारीक भोकात आहे. दहाच्या दहा सारखेच खवट असतील तर फिल्मच वायू पार करते आहे, किंवा माल भरतानाच बिघडलेला होता.

कागदावर हिशेब मांडा

ऑक्सिजन किती पार होतो ते ओटीआर या आकड्याने सांगतात: एका चौरस मीटर फिल्ममधून २४ तासांत किती सीसी. २५ मायक्रॉनची साधी पॉलिथिन घेतली तर हा आकडा सात-आठ हजारांवर जातो. तेवढ्याच जाडीच्या पीएलएचा साधारण पाचशे ते सातशे. १२ मायक्रॉन पीईटीचा (बाटल्यांचं प्लास्टिक) शंभराच्या थोडा वर, आणि मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा पातळ थर दिलेल्या, पीईटीचा एक-दोन. म्हणजे पीएलए ऑक्सिजनला पॉलिथिनपेक्षा बरीच चांगली अडवते. तरीही नायट्रोजन टिकवायला ती पुरत नाही. कशी, ते बघू.

तुमचा २०० ग्रॅमचा पाऊच १५ × २० सेंटीमीटर आहे असं धरू. दोन्ही बाजू मिळून ०.०६ चौरस मीटर. फिल्म ५० मायक्रॉनची, ओटीआर ३००. बाहेर ऑक्सिजन २१ टक्के, म्हणून ३०० × ०.०६ × ०.२१. रोज जवळपास ३.८ सीसी ऑक्सिजन आत. दाण्यांमधल्या फटी धरून आतली मोकळी जागा २५० सीसी असेल आणि भरताना १ टक्का ऑक्सिजन शिल्लक असेल, तर आठवड्याभरात तो आठ-नऊ टक्क्यांवर जातो. महिन्याभराने आत जवळजवळ बाहेरचीच हवा असते. नायट्रोजनचा खर्च गेला, काजूला फायदा शून्य.

ओटीआर २ असेल तर? दिवसाला ०.०२५ सीसी. शंभर दिवसांत अडीच सीसी, म्हणजे ऑक्सिजन फक्त एक टक्क्याने वाढला. तीन-चार महिने टिकवायचं असेल तर आकडा या पातळीचा लागतो.

याच हिशेबात दोन लोकप्रिय उपाय बाद होतात. एक, 'जाड फिल्म घेतो'. जाडी दुप्पट केली तर ओटीआर निम्मा होतो, ३०० चे १५०. आपल्याला शंभरपट कमी हवाय, तो जाडीने कधीच येणार नाही. दुसरा, 'ऑक्सिजन अॅब्सॉर्बरची पुडी टाकतो'. ५० सीसीची पुडी रोज ३.८ सीसी खात दोन आठवड्यांच्या आत संपते. चांगल्या बॅरियरमध्ये पुडी फार उपयोगी, चाळणीत ती काय करणार?

पावसाळ्यातच का?

हा या दुखण्याचा गाभा.

चांगला ओटीआर देणाऱ्या कंपोस्टेबल रचना बहुतेक दोन प्रकारच्या असतात. एकात पीएलए किंवा तत्सम फिल्मवर पॉलीव्हिनाइल अल्कोहोलचा, म्हणजे पीव्हीओएचचा पातळ थर किंवा लेप असतो. दुसऱ्यात लाकडाच्या लगद्यापासून केलेली सेल्युलोजची फिल्म असते. दोघांच्या साखळ्यांवर हायड्रॉक्सिल गट असतात. कोरड्या हवेत हे गट एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, मध्ये ऑक्सिजनला फट मिळत नाही. पण हेच गट पाण्यालाही तेवढ्याच प्रेमाने धरतात. हवेतली आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या वर गेली की पाण्याचे रेणू साखळ्यांमध्ये शिरतात, पकड सैल होते आणि ओटीआर झपाट्याने चढतो. दहापट, कधी शंभरपटही. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये गोदामातली आर्द्रता ८५-९० च्या खाली क्वचितच येते.

पारंपरिक पॅकिंगमध्येही असा नाजूक थर असतो, ईव्हीओएच या प्लास्टिकचा. पण तो दोन्ही बाजूंनी पॉलिथिनमध्ये असतो, जणू इरलं पांघरून बसलेला, आणि पॉलिथिन वाफ चांगली अडवते. कंपोस्टेबल रचनेत ते इरलंच फाटकं असतं. ३८ अंश सेल्सियस आणि ९० टक्के आर्द्रतेला २० मायक्रॉनची बीओपीपी (नेहमीची साधी प्लास्टिक फिल्म) दिवसाला प्रति चौरस मीटर पाच-सात ग्रॅम वाफ सोडते, तर २५ मायक्रॉनची पीएलए तीनशे ग्रॅमच्या आसपास. पीबीएटी (आणखी एक कंपोस्टेबल प्लास्टिक) आणि स्टार्चचं मिश्रणही वाफेच्या बाबतीत असंच उघडं. म्हणून वाफ बाहेरच्या थरातून येते, बॅरियर थर ओला होतो, त्यातून ऑक्सिजन शिरतो आणि वाफ तशीच पुढे काजूपर्यंत जाते. खवटपणा आणि सादळणं जोडीने येतात ते यामुळे.

सेल्युलोजच्या बाबतीत ही अडचण शंभर वर्षं जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या जाक ब्रँडेनबर्गर यांच्या सेलोफेनने हवा आणि तेल अडवलं, पण वाफ अडवली नाही. १९२७ मध्ये ड्यूपाँट कंपनीत विल्यम हेल चार्च यांनी त्यावर नायट्रोसेल्युलोज आणि मेणाचा अतिशय पातळ लेप दिला, तेव्हा कुठे ते खाद्यपदार्थांच्या खऱ्या कामाला आलं. आजही प्रश्न तोच आहे: बॅरियरला कोरडं कसं ठेवायचं?

आता तुमच्याकडचं टेस्ट सर्टिफिकेट काढा आणि ओटीआरच्या आकड्याशेजारी काय लिहिलंय ते वाचा. '२३ अंश, ० टक्के आर्द्रता' असं असेल तर तो आकडा कोरड्या प्रयोगशाळेचा आहे, वेंगुर्ल्याच्या गोदामाचा नाही. नुसता आकडा आणि पुढे काहीच नसेल तर तो कागद बाजूला ठेवा. तापमानही विसरू नका. ढोबळ मानाने दर दहा अंशांना पारगमन दुपटीच्या आसपास वाढतं, आणि मेमध्ये ताडपत्री टाकलेल्या टेम्पोत काय तापमान असतं ते तुम्हाला माहीत आहे. पीएलए ५५-६० अंशांच्या आसपास मऊ पडते, तेव्हा सीलही सरकू शकतं.

सील, घड्या आणि जुना रोल

सील तपासायला पाऊच पाण्याच्या बादलीत बुडवून हळू दाबा. बुडबुडे बहुधा कोपऱ्यातून किंवा गसेट (पाऊचची आत दुमडलेली घडी) जिथे संपतं तिथून येतात, कारण तिथे चार पदर संपून दोन सुरू होतात आणि त्या पायरीत बारीक बोगदा राहतो. तिथे रुंद जॉ किंवा दुहेरी सील लागतं. कंपोस्टेबल फिल्म नीट सील होण्याचा तापमानाचा पट्टा पॉलिथिनपेक्षा अरुंद असतो. बँड सीलरवर जुनंच सेटिंग ठेवलं तर एकतर सील कच्चं राहतं किंवा फिल्म वितळून कडेला पातळ होते. नवा रोल लावला की पाच-पाच अंशांनी तापमान बदलत पट्ट्या करून हाताने ओढून बघा. सील सुटण्याआधी फिल्म ताणली किंवा फाटली पाहिजे. काजूचा चुरा, मसाल्याची भुकटी, तेलाचा थेंब सीलच्या जागी येत असेल तर सेटिंग कितीही बदला, गळती राहणार.

मेटलाइज्ड किंवा सिलिकॉन ऑक्साइडचा लेप असलेली फिल्म असेल तर घड्या बघा. हे लेप अतिशय पातळ आणि ठिसूळ असतात. रिकामा पाऊच अंधाऱ्या खोलीत न्या, आत मोबाइलचा टॉर्च घाला आणि बाहेरून बघा. मेटलाइज्ड पाऊचच्या घडीवर चांदण्यांसारखे ठिपके किंवा बारीक चमकत्या रेषा दिसल्या तर तिथला बॅरियर गेला. नवीन पाऊच आणि बॉक्समधून प्रवास करून आलेला पाऊच असे दोन्ही शेजारी ठेवून बघा. फरक तिथेच कळेल.

रोलबद्दल थोडक्यात. कंपोस्टेबल पॉलिमर ओलाव्याने आणि उष्णतेने हळूहळू तुटत जातात, त्यांचा तोच तर गुण आहे. गेल्या वर्षीचा उघडा रोल गोदामात पडून असेल तर त्याची एक पट्टी ओढून बघा. कडेने कागदासारखी फाटत असेल तर वापरू नका. रोल कोरड्या जागी, त्याच्या मूळ वेष्टनात, उन्हापासून लांब ठेवा, आणि एका हंगामापुरतेच घ्या.

घरच्या घरी दोन चाचण्या

पहिली सर्वांत महत्त्वाची. एकाच दिवशी भाजलेला, एकाच लॉटचा काजू चार जागी भरा: घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काठोकाठ, चांगल्या मेटलाइज्ड पाऊचमध्ये, तुमच्या कंपोस्टेबल पाऊचमध्ये, आणि कंपोस्टेबल पाऊच मेटलाइज्ड पाऊचच्या आत घालून. सगळं एकाच फळीवर, अंधारात. तीन-चार आठवड्यांनी चव घ्या. बरणीतलाही खवट झाला असेल तर दोष पॅकिंगचा नाही, भाजणी, वाळवण किंवा तेल बघा. (चिवड्यात तळणीचं तेल पुन्हापुन्हा वापरलेलं असेल तर कुठलीही फिल्म त्याला वाचवणार नाही.) फक्त बाहेरून काही न घातलेला कंपोस्टेबल पाऊच बिघडला आणि मेटलाइज्डच्या आतला टिकला, तर कारण फिल्म किंवा सील आहे, आणि उपायही हातात आला. दोन्ही मेटलाइज्डमधलेही बिघडले आणि बरणीतलाच राहिला, तर नायट्रोजन तपासा. जनरेटरमधून जास्त प्रवाह ओढला की शुद्धता घसरते, आणि नॉझल नीट बसलं नाही तर हवाच भरली जाते. पाऊचमधला ऑक्सिजन मोजणारा हेडस्पेस अॅनलायझर स्वतःकडे नसेल तर ओळखीच्या मोठ्या युनिटमध्ये ताजे पाऊच मोजून घ्या. दोन टक्क्यांच्या वर शिल्लक ऑक्सिजन दिसला तर आधी ते दुरुस्त करा.

दुसरी चाचणी वाफेची. पांढरी किंवा नारिंगी सिलिका जेल ओव्हनमध्ये कोरडी करून, गार झाल्यावर रिकाम्या पाऊचमध्ये १०० ग्रॅम भरून सील करा. निळी नको, तिच्यात कोबाल्टचा क्षार असतो. सोनाराकडे असतो तसल्या काट्यावर वजन करा आणि पाऊच गोदामात माल ठेवता तिथेच ठेवा. रोज त्याच वेळी वजन घ्या. दहाएक ग्रॅम वाढलं की थांबा. रोजची वाढ भागिले ०.०६, हा तुमच्या गोदामातला, तुमच्या हवेतला वाफेचा खरा आकडा (दिवसाला प्रति चौरस मीटर किती ग्रॅम). २०० ग्रॅम काजूत एक टक्का ओलावा वाढायला फक्त दोन ग्रॅम पाणी लागतं. हा आकडा एक ग्रॅम असेल तर दोन ग्रॅम शिरायला महिन्याहून थोडं जास्त लागतं. पंचवीस ग्रॅम असेल तर सव्वा दिवसाच्या आसपास. चिवड्याला तर याहून कमी पुरतं.

मग करायचं काय?

माझं मत स्पष्ट आहे: तीन महिने टिकवायचा काजू किंवा चिवडा साध्या, एका पदराच्या कंपोस्टेबल पाऊचमध्ये भरू नका. तो पाऊच सुक्या, लवकर खपणाऱ्या, कमी तेलाच्या मालाला ठीक. ताज्या भाजीला तर वाफ सोडणारी फिल्म फायद्याची असते, आत धुकं धरत नाही. प्रत्येक फिल्मचं आपलं काम असतं.

लांब टिकवायचं असेल तर मेटलाइज्ड सेल्युलोज किंवा लेप दिलेली सेल्युलोज बाहेर आणि कंपोस्टेबल सीलिंग थर आत, अशी लॅमिनेट (पदर एकमेकांना चिकटवून केलेली फिल्म) मागवा. धातूचा थर ऑक्सिजन आणि वाफ दोन्ही अडवतो, म्हणून पावसाळ्यात तो पीव्हीओएचपेक्षा भरवशाचा. महाग पडते, आणि घड्यांची काळजी घ्यावी लागते. मागवताना ओटीआर आणि डब्ल्यूव्हीटीआर (वाफ किती पार होते तो आकडा) दोन्ही आकडे, तापमान आणि आर्द्रतेसह, लेखी घ्या. ओटीआर किमान ८० टक्के आर्द्रतेला मागा. 'एवढ्या आर्द्रतेला चाचणी केलेली नाही' असं उत्तर आलं तर नमुना घेऊन भारतीय पॅकेजिंग संस्था किंवा सिपेट या प्लास्टिकच्या संस्थेसारख्या ठिकाणी तपासून घ्या. एका चाचणीचा खर्च परत आलेल्या एका खेपेपेक्षा कमीच असतो. कंपोस्टेबल असल्याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागताना ते आयएस १७०८८ नुसार संपूर्ण लॅमिनेटला आहे की फक्त एका थराला, हे विचारा. चिकट थर, शाई, लेप सगळं त्यात यायला हवं.

लहान युनिटला मात्र मी आधी दुसरा मार्ग सांगतो. किरकोळ पाऊच साधाच कंपोस्टेबल ठेवा, आणि बॅरियर पाऊचवर न लादता बॉक्सवर टाका. पन्नास पाऊच एका जाड बॅरियर लायनरमध्ये (बॉक्सच्या आतल्या पिशवीत) किंवा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या, वर नीट बंद. दुकानापर्यंत माल असाच जाऊ द्या आणि लायनर-डबे परतीच्या फेरीत परत आणा. मोठ्या पाकिटात वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी असतो, त्यामुळे तोच माल तशाच फिल्ममध्ये जास्त टिकतो. दुकानदाराला सांगून ठेवा: डबा उघडल्यावर पाऊच दोन-तीन आठवड्यांत खपले पाहिजेत, उरलेले पुन्हा झाकणबंद. पावसाळी लॉटवर टिकण्याची मुदत वेगळी छापा. उन्हाळ्यात चाचणी करून ठरवलेली मुदत जुलैमध्ये छापू नका.

आत्ता गोदामात भरलेला माल पडून असेल तर आजच त्यातले दहा पाऊच वेगवेगळ्या बॉक्समधून काढून फोडा. दहाही ठीक असतील तर सगळे बॉक्स लायनरमध्ये घाला आणि आधी तोच लॉट विका. दोन-तीनच खराब निघाले तर बाकीचे बादलीत बुडवून तपासा, मग लायनरमध्ये घाला. दहाही खवट असतील तर तो लॉट पुन्हा भाजून विकायचा विचार मनात आणू नका. खवट वास भाजल्याने दबतो, जात नाही, आणि गिऱ्हाईकाला तो दुसऱ्या घासाला कळतो.